४०७ च्या केबिनचा टप सडला – पत्रा कापून दुरुस्ती की नवीन टप?

दर्यापूर_४०७ | १९ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं एकदाच सांगतो.

बाबांची टाटा ४०७ आहे, १९९६ चं मॉडेल, एमएच २७ पासिंग. दसऱ्यापासून होळीपर्यंत कापूस जिनिंगवर, मग तूर-हरभरा मार्केट यार्डात, आणि मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रांचं खत. इंजिन दोनदा बांधलं, चेसिस ठणठणीत. बाबा आता ६८ वर्षांचे आहेत. लांबच्या फेऱ्या मी मारतो, पण सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. गाडी विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

अडचण केबिनच्या टपाची. ड्रायव्हरच्या बाजूला, समोरच्या काचेच्या वर रंगाला फोड आले होते. परवा अंगठ्यानं दाबलं तर अंगठाच आत गेला. आतलं रेग्झिन आणि फोम काढून पाहिला, तर कडेच्या (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या) नालीला लागून हातभर लांब पत्रा पापुद्र्यासारखा सुटतो आहे. कॅरिअरच्या चार पायांपैकी दोन पायांचे बोल्ट पत्र्यासकट हलतात. टपाचा मधला भाग बसला आहे. कापूस भरताना हमाल टपावर उभे राहतात, त्यानं खोलगा झाला आणि तिथं पाणी साचतं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटखाली फरशीलाही दोन भोकं आहेत.

तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये याच टपाचं काम करून घेतलं होतं. आता लोहचुंबक फिरवला तर तळहाताएवढ्या दोन जागी तो चिकटतच नाही. म्हणजे तिथं पत्रा नाही, नुसती पुट्टी आहे.

तिघांना विचारलं, तीन उत्तरं आली. एक म्हणतो भंगारातल्या गाडीचा टप कापून आणू. दुसरा म्हणतो आहे त्यावरच जीपी (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची चादर टाकून रिबिट मारू. तिसरा फायबर लावू म्हणतो. मृग लागायला दीड महिना आहे. काय करू?

हातोडी_डॉली (अमरावती) | २० एप्रिल, सकाळी ७:०५

भाऊ, अंगठा गेला तेवढीच जागा सडली असं समजू नका. टपाचा गंज बहुतेक वेळा आतून बाहेर येते. बाहेर फोड दिसते तोवर आतून काम झालेलं असते. लोखंड गंजलं की फुगते, मूळ पत्र्याच्या कितीतरी पट जागा घेते. नालीच्या जोडात दोन पत्रे एकमेकाले स्पॉट मारून जोडलेले असतात. त्यात गंज शिरला की तो जोडच उकलत जाते.

चादर टाकायचं डोक्यातून काढून टाका. दोन पत्र्यांच्या मधात ओल बसून राह्यते अन् खालचा पत्रा निरा भुगा होते. रिबिटाचं हरेक भोक म्हणजे पाण्याले नवा रस्ता. अशी चादर उचलून पाह्यली हाय मी, खाली झाडूनं लोटा असा गंज निघाला होता.

पहिले तपासणी करा. एक बारीक पेचकस अन् हलकी हातोडी घ्या. नालीच्या कडेनं बोटाबोटावर ठोकत जा. चांगला पत्रा खणखण वाजते, सडलेला भदभद वाजते. भदभद वाजलं तिथं पेचकस टोचा अन् खडूनं खूण करा. काचेच्या रबराखालची कड तर नक्की पाहा. काच काढल्याशिवाय थे दिसत नाई. अन् सगळी पुट्टी खरडून टाका, पत्रा दिसला पाह्यजे.

भंगारातला टप वाईट नाई. पण तुमच्या गाडीची नाली चहूकडून शाबूत असन तरच त्याचा उपयोग. नालीच सडली असन तर नवा टप कशाले जोडणार? अन् भंगारातली गाडीही आपल्याच भागातली असते, तिलेही हाच आजार राह्यते. आणायच्या आधी त्याचीही अशीच ठोकून परीक्षा घ्या.

एक सांगा. कॅरिअर फक्त टपाले बांधलं हाय का मागच्या बॉडीलेही?

कोंढाळी_रोड | २० एप्रिल, दुपारी १:३०

फायबरचा माझा अनुभव सांगतो. मॅट आणि रेझिन लावलं, दोन पावसाळे थेंब आला नाही. तिसऱ्या वर्षी कडेनं सुटायला लागलं. उचकटलं तर खालचं भोक पहिल्यापेक्षा चौपट. रेझिन गंजावर चिकटलं होतं, पत्र्यावर नाही. शेवटी डेंटरकडेच जावं लागलं आणि कापायचा भाग वाढला. निव्वळ एक हंगाम काढायचा असेल तर गोष्ट वेगळी.

दर्यापूर_४०७ | २० एप्रिल, रात्री ८:४५

@हातोडी_डॉली दादा, होय. कॅरिअरचे चारही पाय टपाला, आणि मागून दोन अँगल बॉडीच्या पुढच्या फ्रेमला वेल्ड केलेले आहेत. कॅरिअर हलत होतं म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी मीच मारून घेतले. काही चुकलं का?

हिंगणा_वर्कशॉप_निवृत्त (नागपूर) | २१ एप्रिल, सकाळी ६:२०

एसटीच्या हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी झाली. बसबांधणीचं काम आणि ट्रकची केबिन यांत फरक आहे, पण पत्र्याचं दुखणं एकच.

तुमच्या टपाचं मूळ त्या दोन अँगलांत आहे असं मला वाटतं. केबिन चेसिसवर रबरी माउंटिंगवर बसते. मागची बॉडी यू-बोल्टनं चेसिसला आवळलेली असते. एक चाक खड्ड्यात गेलं की चेसिस पिळते आणि केबिन व बॉडी वेगवेगळ्या बाजूला कलतात. शेताच्या धुऱ्यावरून भरली गाडी काढताना तर हे दर फेरीला होतं. या दोघांना तुम्ही कॅरिअरनं एकत्र बांधलं. चेसिसची सगळी पीळ मग टपाच्या पातळ पत्र्यावर येते. बोल्टाभोवती बारीक तडा जातो, तड्यातून पाणी, आणि पाण्यामागून गंज. तडा आधी, गंज नंतर. कॅरिअर तसंच ठेवून टप नवा केला तरी तो पुन्हा फाटेल.

कॅरिअर हवंच असेल तर ते पूर्णपणे बॉडीच्या फ्रेमवर उभं करा, केबिनच्या वर तीन-चार बोटं मोकळी सोडून. टपाला एकही बोल्ट नको. हमाल मग कॅरिअरवर उभे राहतील, टपावर नाही.

कोणी ॲल्युमिनियमचा पत्रा सुचवेल. एसटीच्या बसना वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमचे पत्रे होते म्हणून लोकांना ते बरं वाटतं. पण लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजत जातं. मध्ये पट्टी-सीलंट घालून, नीट वेगळं ठेवून ते करता येतं, पण त्याला वेगळी शिस्त लागते. तुमच्या टपाला लोखंडच लावा.

खारपाण_मास्तर (अकोट) | २१ एप्रिल, रात्री १०:००

दर्यापूरकर, मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि तुमच्याच पट्ट्यातला आहे, म्हणून विचारतो. गाडी कोणत्या पाण्यानं धुता?

आपला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की पाणी उडून जातं आणि क्षार पत्र्यावर, विशेषतः नालीत आणि रबराखाली, बसून राहतो. हा क्षार हवेतली ओल ओढतो. म्हणजे पाऊस नसतानाही पहाटेच्या दवात तो कोपरा ओलाच. वर क्षाराच्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. म्हणून गोड्या पाण्यापेक्षा ती इथं झपाट्यानं होते.

त्यात तुम्ही खत वाहता. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, घरातल्या मिठाचा सख्खा भाऊ. पोत्यातून सांडलेली भुकटी बुटांना लागून केबिनमध्ये येते आणि मॅटखाली साचते. फरशीची दोन भोकं बहुधा त्याचीच.

आणखी एक, हात जोडून सांगतो. गंज काढायला संडास-बाथरूमचं ॲसिड वापरू नका. पत्रा पाच मिनिटांत चकचकीत दिसतो, पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड आहे, त्यातही क्लोराइडच. फटीत राहिलेलं ॲसिड रंगाखालून पत्रा खात राहतं. फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजनाशक मिळतं, ते घ्या. ते पत्र्यावर फॉस्फेटचा थर धरतं. पण तेही सुटलेल्या, पोपडे आलेल्या गंजावर चालत नाही. आधी वायर ब्रशनं घट्ट गंजापर्यंत या, मग लावा.

दर्यापूर_४०७ | २२ एप्रिल, रात्री ९:३०

मास्तर, बोअरच्याच पाण्यानं धुतो. आठवड्यातून दोनदा. गाडी स्वच्छ ठेवतो याचा बाबांना अभिमान आहे. तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता शहानूर धरणाच्या नळाचं पाणी भरून ठेवत जाऊ."

आज कॅरिअर कापून उतरवलं. निवृत्त काका, तुमचं तंतोतंत खरं निघालं. चारही बोल्टांभोवती चांदणीसारखे तडे आहेत, आणि ज्या दोन ठिकाणी अजून गंज नाही तिथंही तडा आहेच. काच काढली. रबराखालची कड ड्रायव्हरच्या बाजूला चार बोटं गेली आहे, बाकी चांगली. नाली डाव्या बाजूला पूर्ण शाबूत, उजवीकडे साधारण दीड फूट सडली आहे. मधला पत्रा बसलेला आहे पण सडलेला नाही.

म्हणजे टप बदलायची गरज नाही असं वाटतं. उजवीकडची नाली आणि तिच्यालगतचा पट्टा कापायचा, बोल्टांची चार भोकं बुजवायची, मधला खोलगा उचलायचा. पत्रा किती गेजचा घेऊ? दुकानदार १८ गेज देतो म्हणाला, "मजबूत राहील" म्हणून.

हातोडी_डॉली (अमरावती) | २३ एप्रिल, सकाळी ७:१५

१८ गेज म्हणजे १.२ मिमीच्या आसपास. टपाले जड होते. कापलेल्या चांगल्या कडेवर व्हर्निअर लावून मूळ पत्रा मोजा अन् तेवढाच घ्या. २० गेज म्हणजे ०.९ च्या जवळ, २२ म्हणजे ०.७ च्या. जाड ठिगळ पातळ पत्र्याले जोडलं तर पातळ पत्रा जळते नाईतर वाकडा होते. घ्यायचा तर सीआर (कोल्ड रोल्ड, बिनजस्ताचा) पत्रा घ्या. जीपी पत्रा वेल्ड करताना जस्ताचा धूर निघते, बंद शेडमधी थो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येते. वेल्डिंगच्या जागी जस्त जळूनही जाते, मंग फायदा काय राह्यला?

आता कापायचं. गंज दिसते तिथं नाई थांबायचं, चांगला चकाकणारा पत्रा लागल्यावर अजून बोटभर पुढं जायचं. ठिगळाचे कोपरे गोल करा. चौकोनी कोपऱ्यावर ताण येते अन् तिथूनच तडा जाते. बोल्टांच्या भोकाले नुसतं वेल्ड भरू नका, तड्याच्या टोकापल्याडून गोल चकती कापा अन् तेवढीच नवी बसवा.

वेल्डिंग सीओटूनंच (गॅस अन् तारवाल्या मशीननं), ०.८ मिमीची तार. साध्या रॉडच्या वेल्डिंगनं हा पत्रा चाळणी होते. एका दमात लांब शिवण मारायची नाई. इंच-सव्वा इंचावर एक टाका, मंग समोरच्या बाजूले एक टाका, मधात थंड होऊ द्यायचं. हात लावून पाहा, चटका बसत असन तर चहा प्या. सगळे टाके जुळेस्तोवर अर्धा दिवस जाते, जाऊ द्या. घाई केली तर टप पापडावानी होते अन् मंग त्यावर पुट्टीचा डोंगर रचा लागते.

मधला खोलगा आतून लाकडी ठोकळ्यानं हळूहळू वर आणा, बाहेरून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून. पाय देऊन देऊन पत्रा ताणला असन, तर वर आल्यावरही हात ठेवला की डबडब वाजन. तिथं गॅसच्या बारीक जाळानं रुपयाएवढा ठिपका लाल करा, भोवतून हलकं ठोका, वल्लं फडकं लावा. पत्रा आवळते. एका जागी एकच ठिपका, मंग दुसऱ्या जागी. हे काम ज्याच्या हातात हाय त्यालेच द्या, पहिल्यांदा करणाऱ्यानं टपावर शिकू नये.

वरूड_संत्रा | २३ एप्रिल, दुपारी ३:५०

आमच्या दोन गाड्या संत्र्यावर चालतात. एका केबिनचं असंच काम करताना टपातला फोम काढला नव्हता. बाहेरून वेल्डिंग चालू, आतून फोम धुमसत राहिला. कारागिराला वास आला तेव्हा पाण्याची बादली जवळ होती म्हणून गाडी वाचली. सीट, रेग्झिन, फोम, मॅट सगळं बाहेर काढा, टपातल्या दिव्याची वायर सोडवा, आणि एक माणूस फक्त आत नजर ठेवायला उभा करा. काम संपल्यावरही अर्धा तास कोणी हलायचं नाही. बॅटरीच्या दोन्ही तारा काढून ठेवा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. काच काढली आहे हे चांगलंच, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि कायमचे डाग पडतात.

रंग आरसीवर आहे तोच ठेवा. बदलायचा असेल तर आधी आरटीओत नोंद करावी लागते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस आहे, तेव्हा हा प्रश्न येतोच.

दर्यापूर_४०७ | ९ मे, रात्री १०:२०

काम निम्मं झालं. अंजनगावच्या एका डेंटरनं घेतलं. ६० च्या पुढचे गृहस्थ आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त धुणं केलं. नळाचं गोडं पाणी आणि ताराचा ब्रश, चार वेळा. मास्तर, तुमचं नावही त्यांना माहीत नाही, पण म्हणाले तेच: "खार निघाल्याबिगर रंग लावणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं."

मूळ पत्रा मोजला, २० गेज निघाला. नालीचा तुकडा त्यांनी लाकडी ठोकळ्यावर हातानं घडवला, दोन तास लागले. बसला तेव्हा जुन्या नालीशी रेघ जुळली. बाबा खुर्ची टाकून तिथंच बसून होते. फरशीची भोकं मात्र मोठी निघाली, तिथं जवळपास वीतभर चौकोन नवा टाकला.

आता प्रश्न रंगाचा. ऊन ४४ वर आहे. ते म्हणतात रेड ऑक्साइड मारून आठ-दहा दिवस ठेवू.

हिंगणा_वर्कशॉप_निवृत्त (नागपूर) | १० मे, सकाळी ६:०५

रेड ऑक्साइड मारून उघड्यावर ठेवू नका. त्यातून ओल आत जाते. एखादा वळवाचा पाऊस आला की खालून तांबूस ठिपके उठतील. शक्य असेल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर उघड्या पत्र्यावर थेट मारा, त्यावर लागेल तेवढीच पातळ पुट्टी, मग पुन्हा प्रायमर आणि रंग. गंजनाशक लावलं असेल तर ते पूर्ण पुसून, वाळवून घेतल्यावरच इपॉक्सी. काही इपॉक्सी ॲसिडच्या थरावर धरत नाहीत, डब्यावरची सूचना वाचा.

उन्हाचं म्हणाल तर काम पहाटे साडेपाच ते आठ. तापलेल्या पत्र्यावर रंग पडताच वरून सुकतो, आतलं थिनर अडकतं आणि मग बारीक फोड येतात. पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणार असाल तर त्याच्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला रुमाल पुरत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. त्या डेंटरबुवांना तो तुम्ही आणून द्या.

नालीच्या जोडात पीयू सीलंट भरा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते नको. त्यातलं आम्ल पत्र्याला लागतं, आणि सिलिकॉनवर रंगही बसत नाही. सीलंट भरताना पाणी बाहेर पडायची वाट बुजवू नका. नालीची दोन्ही टोकं आणि दाराच्या खालची भोकं मोकळी हवीत. टपाच्या आडव्या पट्ट्या आणि वरचा पत्रा यांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथं नळीनं कॅव्हिटी वॅक्स (फटीत सोडायचं गंजरोधक मेण) सोडा.

घुग्घुस_१६१३ | १० मे, रात्री ९:००

आमच्यावाल्या गाडीले बॉडीवाल्यानं बांधलेली लाकडाची केबिन हाय, वरून पत्रा. कोळशाच्या लाइनवर चालते. जळालेलं ऑइल मारत जाऊ का आतून?

हातोडी_डॉली (अमरावती) | ११ मे, सकाळी ७:३०

भाऊ, नका मारू. जळालेलं ऑइल रबर फुगवते, त्यावर कोळशाची धूळ चिकटून ओला लगदा होते, अन् उद्या वेल्डिंग करा लागलं तर पेट घेते. लाकडाच्या केबिनमधी पहिले लाकूड पाहा. पत्र्याचे खिळे जिथं लाकडात गेले तिथं पेचकस टोचा. लाकूड मऊ लागलं तर पत्रा कितीही नवा टाका, खिळा धरणार नाई. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, फोटोसकट. सांगतो मी.

दर्यापूर_४०७ | १२ जून, सकाळी ८:१५

काल रात्री आमच्याकडे पहिला मोठा पाऊस झाला. तासभर सरळ धारा.

मे महिन्यात रंग झाला, इपॉक्सीवर तोच जुना पिवळसर रंग, पहाटेच मारला. नवीन कॅरिअर बॉडीच्या फ्रेमवर उभं केलं, टपापासून चार बोटं वर. काच बसवायच्या आधी पाइपनं पाणी सोडून पाहिलं होतं, खालून वर, एकेक जोड. मी आत टपाला चिकटून टॅल्कम पावडर उडवून बसलो, पाणी आलं की पावडरीत रेघ उमटते म्हणून. तेव्हा रेघ आली नव्हती. पण पाइपचं पाणी वेगळं आणि आपला वादळी पाऊस वेगळा.

काल पाऊस सुरू झाला तेव्हा गाडी अंगणात होती. बाबांनी टॉर्च घेतला, केबिनमध्ये जाऊन बसले आणि दार लावून घेतलं. मी ओसरीतून पाहत होतो, टॉर्चचा उजेड टपाच्या आतून हळूहळू फिरत होता. पाऊणएक तासानं उतरले. टप कोरडा. नाली कोरडी. फरशी कोरडी. फक्त डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात, वायपरच्या दांड्यातून एक-एक थेंब येतो.

सकाळी उठल्याबरोबर म्हणाले, दादांना विचार, तो कशानं बंद होईल.

हातोडी_डॉली (अमरावती) | १२ जून, सकाळी ८:४०

वायपरच्या दांड्याचं रबरी वॉशर कडक झालं असन. वरचा नट सोडा, दोन्ही बाजूचे वॉशर नवे टाका, बसवताना थोडं ग्रीस लावा. अर्ध्या घंट्याचं काम हाय. काकाले माहा नमस्कार सांगजा.